अडीचशे विद्यार्थी आणि एक वाचक

दोन वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन लेखन-अभ्यासक्रमाचे पैसे भरले. पदव्युत्तर प्रमाणपत्राचा, असं माहितीपत्रकात ठळक छापलेलं होतं. वीस-बावीस वर्षं इतरांच्या पुस्तकांचं संपादन करण्यात गेली. एकदा विद्यार्थी होऊन बघावं, लेखन शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात ते समजून घ्यावं, असा विचार होता. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नाही. सहा महिन्यांत चाळीस व्हिडिओ पाहिले आणि प्रत्येक व्हिडिओखालचे दहा-दहा प्रश्न सोडवले. त्यातला एक अजून लक्षात आहे. ‘कथेचे मुख्य घटक किती? अ) तीन ब) चार क) पाच ड) यांपैकी नाही.’ मी ‘ड’वर टिचकी मारली आणि माझा एक गुण गेला. त्या सहा महिन्यांत मी लिहिलेली एकही ओळ कुणा माणसाने वाचली नाही. प्रमाणपत्र मात्र वेळेवर आलं, सोनेरी किनारीचं.

‘ऑनलाइन म्हटल्यावर दुसरं काय होणार,’ माझी एक प्राध्यापक मैत्रीण म्हणाली. लेखन ही समोरासमोर बसून शिकायची गोष्ट, असं तिचं मत. मला नेमकं उलटं वाटतं. गाणं पडद्यावर शिकताना खरी अडचण येते. आवाज मागेपुढे होतो, सूर तुटतो. तबल्यावरचा हात गुरूने धरून बसवावा लागतो. लेखनात असं काही नाही. लिहिणारा एकटाच बसून लिहितो, वाचणारा एकटाच बसून वाचतो आणि दोघांच्या मध्ये असतो तो कागद. तो पोस्टाने गेला काय किंवा ईमेलने गेला काय.

आणि पोस्टाने तो जात होताच की. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी किती लेखकांना पत्रांतून घडवलं, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. कथा यायची, वाचली जायची, सूचनांसह परत जायची, पुन्हा लिहून यायची. संपादक गिरगावात खटाववाडीत आणि लेखक महाराष्ट्राच्या कुठल्या तरी कोपऱ्यात. फी नाही, हजेरी नाही, पदवी तर नाहीच. याला दूरशिक्षण म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झालं. आज दिवाळी अंकाच्या संपादकाला साहित्य गोळा करायचं असतं, जाहिराती मिळवायच्या असतात, अंक वेळेत बाहेर काढायचा असतो. एका कथेवर तीन पत्रं लिहायला तो वेळ कुठून आणणार? प्रकाशकांकडे तर संपादन म्हणजे बहुतेक वेळा ऱ्हस्व-दीर्घ तपासणं एवढंच उरलंय. मी त्यावरच पोट भरते, म्हणून बोलू शकते. आम्हाला पानामागे पैसे मिळतात, आणि त्या पैशात लेखकाला ‘हे प्रकरण मुळात हवं का?’ असं विचारायची सोय नसते.

म्हणून माझं म्हणणं असं, की मराठीत लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम व्हावा, तो ऑनलाइन व्हावा आणि त्यात सर्जनशील लेखनाबरोबर व्यावसायिक लेखनही असावं. मात्र आपले आजचे नियम तसाच्या तसा अभ्यासक्रम होऊ देत नाहीत. ते नियम बदलून घेण्यासाठी कुणी भांडायला तयार नसेल, तर चाळीस व्हिडिओंचे आणखी चार अभ्यासक्रम निघतील आणि सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं वाढतील.

नियमांकडे जाण्याआधी एक वर्ग दाखवते. गेल्या वर्षीपासून गुरुवारी रात्री नऊला मी आठजणांना ऑनलाइन भेटते. पदवी-बिदवी काही नाही, हौसेचा मामला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या एक नर्सबाई आहेत. त्यांच्या पहिल्या कथेची सुरुवात अशी होती: ‘पहाटेची वेळ होती. सर्वत्र धुके पसरले होते. पक्ष्यांची किलबिल सुरू झाली होती.’ मराठीतल्या नवशिक्या कथांपैकी निम्म्या याच धुक्यात उगवतात. मी समासात एवढंच लिहिलं: ‘हे धुकं तुम्ही पाहिलंत का?’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘नाही मॅडम. त्या रात्री लाइट गेलेली. इन्व्हर्टर पण बंद. मावशींनी मोबाइलचा टॉर्च धरलेला आणि त्यांचा हात कापत होता, म्हणून उजेड सारखा हलत होता. मला बाळाचं डोकं दिसायचं आणि जायचं.’

कथा तिथे होती. त्यांनी ती हलत्या उजेडापासून पुन्हा लिहिली. तिसऱ्या खर्ड्यात ती बिघडली, कारण मध्येच त्यांनी मावशींच्या तोंडी स्त्रीजन्मावर एक भाषण घातलं. चौथ्यात भाषण गेलं आणि मावशींची बांगडी टॉर्चवर आपटल्याचा बारीक आवाज आला. या सगळ्यात व्याख्यान शून्य होतं. चार खर्डे, समासातल्या वीसेक टिपा आणि प्रत्येक वेळी माझा दीड-एक तास. वर्गातल्या इतर सातजणांनीही कथा वाचली. पहिल्या महिन्यात त्यांच्या प्रतिक्रिया एकाच साच्याच्या असायच्या: ‘खूप छान’, ‘अप्रतिम मॅडम’ आणि पुढे हात जोडलेले. व्हॉट्सॲपने आपल्याला लावलेली ही सवय. शेवटी मी महिनाभर ‘छान’ या शब्दावर बंदी घातली. पहिल्या गुरुवारी सगळे गप्पच बसले. दुसऱ्या गुरुवारी एकजण म्हणाले, ‘बाळ रडलं की नाही ते मला कळलंच नाही, आणि मला तेच हवं होतं.’ वर्ग तिथून खरा सुरू झाला.

आता नियम. आपल्याकडे दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२०चे विनियम लागू आहेत. त्यांनी एक चांगलं काम केलं: मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या तोडीची ठरते. तालुक्याच्या गावी नोकरी, घर आणि म्हातारे सासू-सासरे सांभाळणाऱ्या बाईसाठी ही लहान गोष्ट नाही. पण याच विनियमांत मूल्यमापनाची वाटणी ठरलेली आहे. सत्रभर केलेल्या कामाला जास्तीत जास्त ३० टक्के, सत्रान्त परीक्षेला कमीत कमी ७० टक्के. आणि विद्यार्थ्यांच्या दर तुकडीमागे एक मार्गदर्शक, तुकडी किती जणांची, तर २५० जणांची.

अर्थशास्त्राला किंवा वाणिज्याला हे चालत असेल, मला त्यातलं कळत नाही. लेखनाला ते कसं चालेल ते हिशेब मांडून बघा. अडीचशे विद्यार्थ्यांनी एकेक कथा दिली आणि प्रत्येक कथेला दीड तास धरला, तर होतात ३७५ तास. रोज आठ तास फक्त वाचलं तर सत्तेचाळीस दिवस, आणि तेही पहिला खर्डा एकदा वाचून होण्यासाठी. हे कुणी करणार नाही, करूच शकत नाही. म्हणून मग ‘अ, ब, क, ड’ येतात. माझ्या त्या संस्थेचा दोष तिच्या एकटीचा नाही असं म्हणाले, ते यासाठी.

सत्तर टक्क्यांची गोष्ट त्याहून अवघड. लेखन तीन तासांत दिसतं ते फक्त पहिल्या खर्ड्यासारखं, आणि पहिला खर्डा म्हणजे धुकं आणि किलबिल. आमच्या नर्सबाई परीक्षेला बसल्या असत्या तर त्यांना धुक्याचे गुण मिळाले असते, कदाचित चांगले मिळाले असते. शुद्धलेखन चोख आहे त्यांचं. हलता उजेड परीक्षेच्या हॉलमध्ये सापडत नाही. पुन्हा लिहिण्याचं शास्त्र ज्याला शिकायचंय, त्याची परीक्षा पुन्हा लिहू न देता घ्यायची, हा प्रकार पोहण्याचा पेपर कोरड्यावर घेण्यासारखा झाला.

परीक्षेच्या बाजूने हल्ली एक युक्तिवाद हमखास येतो: घरून लिहून आणायला सांगितलं तर पोरं यंत्राकडून लिहून घेतील. घेतीलच. आज मोबाइलवर दोन ओळी टंकल्या की अख्खी कथा पडते, आणि तिच्यात धुकंही असतं. पण हा युक्तिवाद परीक्षेच्या बाजूचा नाही, खर्ड्यांच्या बाजूचा आहे. ज्याचे चार खर्डे मी वाचले, त्याने दुसऱ्यातलं कुठलं वाक्य तिसऱ्यात का काढलं, हे मी त्याला विचारू शकते. लिहिणाऱ्याला त्याचं उत्तर देता येतं, अडखळत का होईना. लिहून घेणारा दोन मिनिटांत उघडा पडतो. अडीचशेजणांना मात्र हा प्रश्न विचारता येत नाही.

जगात हे शिक्षण सुरू झालं ते मुळात लहान गटांत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा १९३६ मध्ये सुरू झाली. एकमेकांचं लेखन वाचून टेबलाभोवती त्यावर बोलायचं, ही पद्धत तिथूनच सगळीकडे पसरली. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये सर्जनशील लेखनाची एम.ए. सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी विद्यार्थी होता एक. त्याचं नाव इयन मॅकइवन, पुढे नावाजलेला कादंबरीकार. दहा वर्षांनी तिथूनच काझुओ इशिगुरो शिकून बाहेर पडले आणि २०१७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एका विद्यार्थ्यावर अभ्यासक्रम चालवायची चैन आपल्याला परवडणार नाही, हे मलाही कळतं. पण एक आणि अडीचशे यांच्या मध्ये पुष्कळ आकडे आहेत. मी बारा म्हणते.

बाराचा हिशेबही करू. प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने चार हस्तलिखितं द्यावीत. दीड तासाप्रमाणे सहा तास, चार सत्रांचे चोवीस. वाचणाऱ्याला तासाला पाचशे रुपये दिले, तर दोन वर्षांत एका विद्यार्थ्यामागे बारा हजार. आकडे माझे आहेत, कुणी कमी-जास्त करावेत. पण दोन वर्षांच्या पदवीत बारा हजार रुपये खऱ्या वाचनासाठी काढता येत नाहीत, असं कुणी म्हणालं तर मी त्याला व्हिडिओ चित्रीकरणाचं बिल दाखवायला सांगेन. वाचणारे मिळतील का? निवृत्त संपादक, अनुवादक, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या वर्षानुवर्षं काढलेली माणसं, मराठीचे प्राध्यापक. यांतले कितीतरी आज गृहसंकुलाच्या गणेशोत्सवात निबंध तपासत बसलेत.

‘लेखक घडवता येत नाही, तो जन्मावा लागतो’ हे वाक्य मी बाकीच्यांइतकंच ऐकलंय. त्यापुढे बहिणाबाईंचं नाव घेतलं जातं: त्यांना कुठे अक्षरओळख होती? नव्हती. पण त्यांना ओव्यांची आणि जात्यावरच्या गाण्यांची जी शाळा होती, ती घराघरांतून उठून गेली, हे आपण सोयीस्कर विसरतो. आणि हा नियम फक्त लेखकालाच का? मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय १८५७ पासून चित्रकार घडवतंय, कुणाची हरकत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. गवयाने वीस वर्षं रियाज केला की आपण कानाला हात लावतो. कथा-कवितेला तेवढा फक्त दैवी प्रसाद लागतो. या समजुतीचा फायदा कुणाला होतो, तेही बघावं. ज्याच्या घरात पुस्तकं, ओळखीत संपादक आणि कॉलेजात कुणी तरी लक्ष देणारे सर होते, तो ‘जन्मजात’ ठरतो. ज्याला यातलं काही मिळालं नाही, त्याला प्रतिभा नव्हती असं म्हणून आपण मोकळे.

एक आक्षेप मात्र मला झोपू देत नाही. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. इतक्या मन लावून वाचणाऱ्या संपादकांचा अंक का जळला? कारण मन लावून वाचणाऱ्यालाही रुची असते, आणि एकाच रुचीच्या हातात दार असलं की बाहेर उभ्या असलेल्यांची भाषा तिला भाषा वाटत नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी नामदेव ढसाळांचा पहिला संग्रह आला. तो कुठल्या समासातल्या टिपांमधून तावूनसुलाखून गेला असता तर काय उरलं असतं, याचा विचार लेखन शिकवणाऱ्या प्रत्येकाने अधूनमधून करावा. परदेशी कार्यशाळांवरही हाच आरोप होतो, की तिथून सगळे एकाच वळणाचं लिहून बाहेर पडतात. यावर माझ्याकडे पक्का इलाज नाही. निदान एवढं व्हावं, की दर सत्राला वाचणारा बदलावा. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी कानाची माणसं त्यांत असावीत, आणि सूचना धुडकावण्याचा विद्यार्थ्याचा हक्क अभ्यासक्रमात लेखी असावा. ऑनलाइनमुळे हे सोपं होतं. चंद्रपूरचा वाचक सावंतवाडीच्या मुलीला मिळू शकतो. एका विभागातल्या चार प्राध्यापकांच्या रुचीत मग कुणाला दोन वर्षं अडकून राहावं लागणार नाही.

व्यावसायिक लेखनाबद्दल साहित्याचे लोक नाक मुरडतात. ‘जाहिराती आणि परिपत्रकं? त्यासाठी एम.ए.?’ हो, त्यासाठीच. मराठी १९६०च्या दशकापासून या राज्याची राजभाषा आहे. २०११च्या जनगणनेत तिला मातृभाषा म्हणणारे आठ कोटी तीस लाख. एवढ्या माणसांना रोज जे मराठी वाचावं लागतं ते बघा: ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’. बँकेच्या ॲपवर ‘आपली विनंती यशस्वीरित्या सादर केली गेली आहे’. विम्याच्या कागदावर तर काय लिहिलंय हे विमा विकणाऱ्यालाही विचारू नये. पहिलं वाक्य कोशातून आलं, दुसरं इंग्रजीतून. माणसाच्या तोंडून एकही आलं नाही. आणि हे लिहिणाऱ्यांना पगार मिळतो, कवीला मिळत नाही. लेखनाची पदवी घेतलेल्या मुलाला घर चालवायचं तर त्याला दोन्ही आलं पाहिजे.

दोन्ही वेगळं नाहीच मुळात. आमच्या नर्सबाईंच्या केंद्रात भिंतीवर एक फलक होता: ‘स्तनदा मातांनी प्रथम सहा महिने बालकास निव्वळ स्तनपान करावे.’ कथेच्या चौथ्या खर्ड्यानंतर एकदा त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तो फलक मी दहा वर्षं रोज बघते, मला आता सहन होत नाही.’ त्यांनी पांढऱ्या कार्डशीटवर स्केचपेनने नवा लिहिला: ‘सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नको.’ जुना फलक वाचून आयांनी उन्हाळ्यात बाळाला चमच्याने पाणी पाजलं होतं, कारण ‘निव्वळ’ म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं. ज्या कानाने त्यांनी कथेतलं भाषण काढलं, त्याच कानाने ‘निव्वळ’ काढलं. या फलकाला मी ७० टक्क्यांतले किती द्यावेत, ते आयोगाने कळवावं.

ऑनलाइनमध्ये एक गोष्ट खरंच हरवते, ती म्हणजे वर्ग सुटल्यावरचा चहा. टेबलावर जे बोलायचं धाडस झालं नाही ते टपरीवर बोललं जातं, आणि लेखकांची खरी मैत्री तिथे होते. कॅमेरे बंद करून बसलेल्या बारा चौकोनांत ती होत नाही. त्यावर उपाय आपल्याकडे तयार आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून राज्यभर अभ्यासकेंद्रांचं जाळं विणलंय. वर्षातून दोनदा तीन दिवस एखाद्या केंद्रावर सगळ्यांनी मुक्कामाला जमावं. तेवढ्याने पुरतं, माझ्या गुरुवारच्या मंडळींना एका रविवारने पुरलं.

आणि जागा? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हापासून शिलालेख, पोथ्या, संशोधनकेंद्रं यांची चर्चा चालू आहे, ती व्हावीच. पण अभिजात भाषेत उद्या लिहिणार कोण, यावर फारसं कुणी बोलत नाही. मराठी भाषेचं विद्यापीठ अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला झालंय. म्हाइंभटाने महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आठवणी, गोळा केल्या त्या याच गावाच्या आधाराने. ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडे जायचं, विचारायचं, नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं, असा त्याचा खटाटोप होता. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर महानुभावांनी पाठभेदही जपून ठेवले. तेराव्या शतकातलं हे काम खर्डे, वाचक आणि दुरुस्त्या यांचंच होतं. रिद्धपूरने पहिली बाराजणांची तुकडी घ्यावी आणि सत्तर-तीसचा नियम उलटा करून मागावा. आयोग नाही म्हणाला तर नकार लेखी घ्यावा, म्हणजे निदान भांडण कुठे आहे ते कळेल.

गेल्या गुरुवारी नर्सबाईंचा पाचवा खर्डा आला. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य मला जास्तीचं वाटत होतं. बाळ झाल्यावर लाइट येते आणि मावशी टॉर्च बंद करायला विसरतात, एवढंच. मी समासात लिहिलं, ‘हे काढलं तर?’ रात्री सव्वाअकराला त्याच टिपेखाली त्यांचं उत्तर दिसलं.

‘नाही काढणार मॅडम. ड्यूटी संपेपर्यंत तो चालू होता. मोबाइल गरम झालेला, मी हातात घेतला तेव्हा कळलं.’